ईशान्येचा वारा, हवाईचा कारभार

हवाई बेटांच्या नावाचा आणि आपल्या 'हवा' या शब्दाचा काहीएक संबंध नाही. आपली हवा अरबीतून आली. त्यांचं हवाई म्हणजे पॉलिनेशियन दंतकथांमधल्या 'हवाईकी' या आदिभूमीच्या नावाचं भावंड. तरीही प्रशांत महासागराच्या ऐन मध्यावर वसलेल्या या बेटांना मराठीतला अर्थच जास्त शोभतो. तिथे पाऊस कुठे पडेल, विमान कुठल्या बाजूने उतरेल, घराची खिडकी कशी असेल, कॉफी कुठे पिकेल आणि तारे कुठून नीट दिसतील, हे सगळं एकच वारा ठरवतो. उत्तर प्रशांतात, बेटांच्या ईशान्येला, जास्त दाबाचा एक पट्टा ठाण मांडून असतो आणि तिथून हा वारा निघतो. उन्हाळ्यात दहातले नऊ दिवस तो वाहतो, हिवाळ्यात साधारण निम्मे दिवस. ताशी वीस-पंचवीस किलोमीटर हा त्याचा रोजचा वेग. अंगात आलं की चाळीसच्या पुढे.

नागपूर आणि होनोलुलू

नकाशावर बोट ठेवून पाहा. हिलो हे हवाईचं शहर मुंबईच्या जरासं उत्तरेला येतं आणि राजधानी होनोलुलू जवळजवळ नागपूरच्या अक्षांशावर. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा माणसं खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून बसतात. होनोलुलूमध्ये आजवरचं सर्वाधिक तापमान आहे ३५ अंश. सूर्य दोन्हीकडे सारखाच डोक्यावर येतो. पण नागपूरच्या चारी बाजूंना शेकडो किलोमीटर तापलेली जमीन आहे, तर होनोलुलूकडे येणारा वारा हजारो किलोमीटर थंडगार पाण्यावरून आलेला असतो.

म्हणून तिथल्या जुन्या घरांना काचेच्या आडव्या पट्ट्यांच्या खिडक्या असतात. पट्ट्या तिरक्या केल्या की वारा आत येतो, पावसाची सर बाहेर राहते. हा वारा थांबला की लोक लगेच कुरकुरायला लागतात. हवा चिकट होते, झोप लागत नाही.

व्यापारी वारे, पण व्यापाराशिवाय

शाळेत आपण 'व्यापारी वारे' म्हणून पाठ केलं, आणि शिडाच्या जहाजांनी या वाऱ्यांवर व्यापार केला म्हणून हे नाव, असंही ऐकलं. व्यापार झाला हे खरंच. पण इंग्रजीत 'ट्रेड' या शब्दाचा जुना अर्थ होता वाट, रुळलेला मार्ग. एकाच वाटेने सतत वाहणारा, तो ट्रेड वारा. सौदेबाजीचा अर्थ त्या शब्दाला मागून चिकटला आणि आपण भाषांतर केलं ते मागून आलेल्या अर्थाचं. हल्ली शालेय पुस्तकांत 'पूर्वीय वारे' असाही शब्द दिसतो, आणि तो दिशेशी प्रामाणिक आहे.

या वाऱ्यांचा पहिला नामी नकाशा काढला एडमंड हॅली यांनी, १६८६ मध्ये. होय, धूमकेतूवाले हॅली. त्यात आपले मोसमी वारेही होते. पण वारे विषुववृत्ताकडे सरळ न जाता तिरके का येतात, हे त्यांना नीट उलगडलं नाही. पृथ्वीच्या फिरण्याचा धागा १७३५ मध्ये जॉर्ज हॅडली यांच्या हाती लागला.

आणि हो, आपला पाऊसही या कुटुंबातलाच. दक्षिण गोलार्धातले हेच वारे आग्नेयेकडून येतात, उन्हाळ्यात विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात आणि नैऋत्य मोसमी वारे होऊन कोकण किनाऱ्यावर थडकतात. हवाईचा वारा आणि जूनमधला आपला वारा चुलतभाऊ आहेत.

दोन बाजूंचं बेट

हवाईयन भाषेत वाऱ्याच्या तोंडावरची बाजू म्हणजे 'कोओलाउ', आडोशाची बाजू म्हणजे 'कोना'. रस्ता सांगतानाही लोक पूर्व-पश्चिम फारसं म्हणत नाहीत. 'मौका' म्हणजे डोंगराकडे आणि 'मकाई' म्हणजे समुद्राकडे, एवढं पुरतं.

या दोन बाजूंमधला फरक पाहून चक्रावायला होतं. हवाई याच नावाच्या सर्वांत मोठ्या बेटावर पूर्वेला हिलो आहे. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. रस्त्याने शंभरेक किलोमीटर पलीकडे गेलं की कावाइहाए बंदर लागतं. तिथे जेमतेम अडीचशे मिलिमीटर. एकाच बेटावर आंबोली आणि थर वाळवंट! महाबळेश्वर आणि माण तालुका ज्याने पाहिलाय त्याला पर्जन्यछाया समजावून सांगायला नको, पण हवाईत ही छाया वर्षातले बहुतेक दिवस एकाच दिशेला पडते. आपल्याकडे ती चार महिन्यांची.

सगळ्यात दुर्दैवी ठिकाणी आहे काहोओलावे. माउई बेटावरचा हालेआकला हा डोंगर ३,०५५ मीटर उंच आहे आणि हे छोटं बेट नेमकं त्याच्या आडोशाला. डोंगर आधीच सगळं पाणी उतरवून घेतो. मग या बेटाच्या वाट्याला येतो नुसता कोरडा वारा आणि त्याने उडवलेली लाल माती.

आकाशाला झाकण

इतक्या उंच डोंगरांवर सगळ्यात जास्त पाऊस माथ्यावर पडत असेल, असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही. जास्त दाबाच्या पट्ट्यात वरची हवा खाली बसते, बसताना तापते, आणि साधारण दोन किलोमीटर उंचीवर गरम, कोरड्या हवेचा थर तयार होतो. खालून वर चढणारे ढग या थराला टेकतात आणि तिथेच थबकतात. पातेल्यावर झाकण ठेवावं तसं. विमानातून पाहिलं तर ढगांचे माथे सुरीने कापल्यासारखे सपाट दिसतात. हे झाकण खाली सरकलं की ढगांना वाढायला जागा उरत नाही. मग वारा जोरात, ऊन कडक आणि सर क्वचित, असे दिवसच्या दिवस जातात.

कौआई बेटावरचा वाइआलेआले १,५६९ मीटर उंच, म्हणजे झाकणाच्या खाली. तिथे ढग माथ्यापर्यंत पोचतात आणि वर्षाला दहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी ओततात. माउईवर हालेआकलाच्या कुशीत 'बिग बॉग' नावाची दलदल आहे, तीही याच तोलाची. दोघांमध्ये पहिला नंबर कुणाचा यावर चुरस आहे. आणि ४,२०७ मीटर उंच माउना केआच्या माथ्यावर? वर्षाला सुमारे दोनशे मिलिमीटर, तेही बरंचसं बर्फाच्या रूपात.

ही कोरडी, स्वच्छ हवा शास्त्रज्ञांच्या पथ्यावर पडली. माउना केआवर जगातल्या काही मोठ्या दुर्बिणी आहेत, कारण ढग पायाखाली राहतात. शेजारच्या माउना लोआवर ३,३९७ मीटर उंचीवरच्या वेधशाळेत चार्ल्स कीलिंग यांनी मार्च १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला. सुरुवातीचा आकडा होता दर दहा लाख भागांत ३१३. आता तो ४२० च्या पुढे गेलाय. जगभरच्या पाठ्यपुस्तकांतली ती वर चढत जाणारी दातेरी रेषा या झाकणाच्या वर बसून काढलेली आहे.

वाऱ्याने पोसलेला किडा

माउना केआच्या माथ्यावर काळ्या-तांबड्या राखेच्या दगडांमध्ये 'वेकिउ' नावाचा किडा राहतो. आकार तांदळाच्या दाण्याएवढा, पंख नावापुरते. रात्री पाणी गोठतं तिथे, आणि खायला पान नाही की फूल नाही. याचे खालच्या रानातले भाऊबंद झाडांच्या बिया शोषून जगतात. वर बिया कुठल्या? पण वारा आहे. खालच्या जंगलातल्या माशा, भुंगे, पतंग वाऱ्याबरोबर डोंगर चढतात, माथ्यावर येऊन थंडीने गारठतात आणि बर्फाच्या कडेला पडतात. वेकिउ तिथे येतो आणि सोंड खुपसून त्यांना शोषतो. त्याच्या रक्तात गोठू न देणारं रसायन आहे. चार हजार मीटरवर, रोज घरपोच येणाऱ्या जेवणावर हा जीव पिढ्यानपिढ्या जगतोय.

उलटा धबधबा, वाकडा डोंगर

ओआहू बेटावर नुउआनु पाली ही खिंड आहे. कोओलाउ डोंगररांगेतली ही फट म्हणजे वाऱ्याचं नरसाळं. जोराच्या दिवशी तिथे माणसं वाऱ्यावर रेलून फोटो काढतात. टोप्या तर कधीच दरीत गेलेल्या असतात. जवळच वाइपुहिआ नावाचा धबधबा आहे. नावाचा अर्थ फुंकरीने उडालेलं पाणी. वारा तापला की पाणी खाली पडतच नाही, वरच्या वर तुषार होऊन मागे फिरतं. आपल्याकडे सह्याद्रीत नाणेघाटात पावसाळ्यात हा प्रकार पाहायला गर्दी होते, त्यामुळे मराठी माणसाला त्याचं वेगळं कौतुक सांगायला नको.

होनोलुलूच्या प्रत्येक फोटोत असतो तो डायमंड हेड नावाचा डोंगर. विझलेल्या ज्वालामुखीची ही वाटी एका बाजूला, नैऋत्येला, जास्त उंच आहे. उद्रेक झाला तेव्हाही ईशान्येचा वारा वाहत होता. राख उडाली आणि वाऱ्याने ती नैऋत्येच्या काठावर नेऊन रचली. लाखो वर्षांपूर्वीच्या त्या दिवसांतली वाऱ्याची दिशा आज डोंगराकडे पाहून सांगता येते.

बेटांच्या मागे काय होतं, ते तर त्याहून भारी. नदीत खांब रोवला की त्याच्या मागे पाण्यात शेपटी तयार होते, तसंच या बेटांच्या मागे वाऱ्यात होतं. २००१ मध्ये संशोधकांनी उपग्रहांच्या नोंदी लावून पाहिल्या, तर ही शेपटी पश्चिमेला सुमारे तीन हजार किलोमीटरपर्यंत सापडली. चार डोंगर आडवे आले म्हणून अर्धा महासागर ओलांडेपर्यंत वारा ते विसरत नाही.

दोनशे वर्षं हुकलेली बेटं

१५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं स्पॅनिश गलबतं मेक्सिकोतलं आकापुल्को आणि फिलिपिन्समधलं मनिला यांच्यात ये-जा करत होती. जाताना ती हवाईच्या दक्षिणेकडून, याच पूर्वेच्या वाऱ्यांवर शीड सोडून जायची. येताना या वाऱ्याला छाती देणं शक्य नव्हतं, म्हणून थेट उत्तरेला जपानच्या बाजूने चढून पश्चिमी वाऱ्यांवर परतायची. जाण्याची वाट खाली, येण्याची वाट वर आणि मधे हवाई. बाहेरच्या जगासाठी या बेटांची नोंद झाली ती जानेवारी १७७८ मध्ये, जेम्स कुक दक्षिणेकडून वर येत असताना.

पॉलिनेशियन दर्यावर्दी मात्र कित्येक शतकं आधीच इथे येऊन वसले होते. ते योगायोगाने वाहत आले, असं म्हणणारेही पंडित होते. त्यांना उत्तर मिळालं १९७६ मध्ये. जुन्या घडणीची 'होकुलेआ' ही जोडनौका माउईहून निघाली आणि होकायंत्राशिवाय, नकाशाशिवाय, महिनाभरात सुमारे चार हजार किलोमीटरवरच्या ताहितीला पोचली. वाट दाखवणारे होते मायक्रोनेशियातल्या सतावल या चिमुकल्या बेटावरचे माउ पिआइलुग. तारे, लाटांची लय आणि वाऱ्याचा गालावरचा स्पर्श एवढंच त्यांचं सामान. ताहितीच्या किनाऱ्यावर हजारोंनी लोक लोटले होते. वाऱ्यावरची ही सगळ्यात सुंदर गोष्ट, असं माझं पक्कं मत आहे.

पळत पळत आणखी काही

होनोलुलूत विमानं बहुतेक दिवस एकाच दिशेने उतरतात आणि उडतात, वाऱ्याला तोंड देऊन. दिशा उलटली की स्थानिक माणूस न बघताच ओळखतो: आज 'कोना' वारा, म्हणजे नैऋत्येचा, दमट आणि कुंद.

किलाउएआ ज्वालामुखीचा धूर एरवी हा वारा समुद्रावरून नैऋत्येला हाकलतो. वारा थांबला की तोच धूर सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरच्या होनोलुलूत शिरतो आणि लोकांचे डोळे चुरचुरतात.

जगातली सर्वोत्तम इंद्रधनुष्यं हवाईची, असं तिथले हवामानशास्त्रज्ञ अभिमानाने लिहितात. कारण वाऱ्याबरोबर ढगांचे छोटे-छोटे पुंजके येतात, सर येते आणि लगेच मागे ऊन. गाड्यांच्या नंबरप्लेटवरही इंद्रधनुष्य आहे.

कोना याच नावाच्या भागातली प्रसिद्ध कॉफी आडोशाला पिकते. भलेथोरले डोंगर वारा अडवतात, दुपारी समुद्रावरून मंद झुळूक येते, ढग चढतात आणि संध्याकाळी पाऊस. बेटांवर जवळजवळ सगळीकडे उन्हाळा कोरडा, कोनात मात्र उन्हाळ्यातच पाऊस जास्त.

माउई आणि हवाई या बेटांमधल्या सामुद्रधुनीचं नाव आहे आलेनुइहाहा. दोन्हीकडच्या उंच डोंगरांमधून वारा इथे कोंडून सुटतो आणि छोट्या होड्यांना वारंवार इशारे द्यावे लागतात.

ओआहूच्या कैलुआ किनाऱ्यावर वाऱ्याशी खेळता खेळता रॉबी नैश हा मुलगा १९७६ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, विंडसर्फिंगचा जगज्जेता झाला.

पाणी आणायचं कुठून?

लानाई हे बेट शेजारच्या उंच बेटांच्या आडोशाला, त्यामुळे तहानलेलं. १९११ मध्ये तिथल्या गुरांच्या कुरणाचे व्यवस्थापक म्हणून जॉर्ज मन्रो आले. घराजवळ एक उंच सूचिपर्णी झाड होतं. पाऊस नसतानाही छपराच्या पत्र्यावर टपटप ऐकू यायची. वाऱ्याबरोबर आलेलं धुकं त्या झाडाच्या सुयांना अडकत होतं आणि थेंब होऊन गळत होतं. मन्रोंना मर्म सापडलं. त्यांनी डोंगराच्या धारेवर ही झाडं लावून घेतली. आजही ती धार दुरून करवतीसारखी दिसते.

माउईवर ऊसवाल्यांनी वेगळा मार्ग धरला. डोंगराची वाऱ्याकडची बाजू पाण्याने निथळते आणि मधला सपाट भाग भाजून निघतो, तर पाणीच वळवायचं. १८७६ ते १८७८ या काळात पहिला मोठा पाट खोदला गेला. कामाचे सूत्रधार हेन्री बाल्डविन यांचा उजवा हात तेव्हा नुकताच साखर कारखान्यातल्या चरकात गेलेला होता. मालिको नावाच्या खोल घळीत दोराने उतरायला मजूर तयार होईनात. तेव्हा बाल्डविन एका हाताने दोर धरून आधी स्वतः खाली उतरले. मजूर मागोमाग आले. पण त्या पाटाने वाऱ्याकडच्या खोऱ्यांतलं पाणी पळवलं, तिथल्या हवाईयन शेतकऱ्यांची अळूची खाचरं कोरडी पडू लागली, आणि पाणी कुणाचं हा वाद पुढच्या कित्येक पिढ्या पुरला. ज्यांच्या घरात धरणाच्या पाण्यावरून भांडणं पाहिली आहेत त्यांना हे कळेल.

वाऱ्याला नाव असतं

हवाईयन भाषेत वारा म्हणजे 'माकानी', आणि प्रत्येक खोऱ्याचा माकानी वेगळा. ईशान्येचा नेहमीचा तो 'मोआए'. कोहाला भागाचा 'आपाआपाआ'. कोनाची झुळूक 'एका'. जुन्या कथेत ला-आमाओमाओ या वाऱ्यांच्या देवतेच्या भोपळ्यात सगळे वारे कोंडलेले असतात, आणि ज्याला त्यांची नावं पाठ, तो त्यांना बोलावू शकतो. ही शेकडो नावं १९०२ मध्ये मोझेस नाकुइना यांच्या पुस्तकात छापून राहिली.

हवाई विद्यापीठातल्या संशोधकांनी होनोलुलू विमानतळाच्या नोंदी तपासल्या. १९७३ मध्ये ईशान्येचा वारा वर्षातले २९१ दिवस वाहत होता, २००९ मध्ये २१०. ज्या बेटांचं पाणी या वाऱ्यावर ठरतं, त्यांना हा आकडा काळजीत टाकणारा आहे. त्यात ऊस आणि अननसाचे मळे बंद पडले. ओसाड शेतांत बाहेरून आणलेलं गिनी गवत आणि बफेल गवत माजलं. दोन्ही आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीची. बफेल म्हणजे आपलं अंजन गवत. हिरवं असताना चारा, वाळलं की पेटता बारूद.

लाहाइना गावावर डोंगरातून उतरणाऱ्या दांडग्या वाऱ्यालाही जुन्यांनी नाव दिलं होतं, 'काउआउला'. १८५८ मध्ये त्याने गावातल्या जुन्या चर्चचं अर्धं छप्पर उचललं आणि घंटेचा मनोरा पाडला. ८ ऑगस्ट २०२३ ला उत्तरेकडे जास्त दाब होता, दूर दक्षिणेकडून चक्रीवादळ चाललं होतं आणि डोंगरउतारावरून तसाच वारा गावावर कोसळला. विजेच्या तारा पडल्या, वाळकं गवत पेटलं, दुपारनंतर आग गावात शिरली. १०२ माणसं गेली. ते चर्चही जळालं.

गावाच्या चौकात एक वड आहे. २४ एप्रिल १८७३ रोजी लावला तेव्हा तो आठ फुटी रोप होता, आणि ते रोप भारतातून आणलेलं. गावकऱ्यांनी त्याच्या पारंब्यांना पाण्याने भरलेल्या काचेच्या बरण्या बांधल्या, म्हणजे पारंब्या हव्या तिथे जमिनीकडे वळतील. पारंब्यांची खोडं झाली आणि दीडशे वर्षांत झाड सुमारे दोन तृतीयांश एकरावर पसरलं. आगीत तो वड करपला, पानं तपकिरी होऊन गळली. झाडं राखणारे लोक रोज टँकरने पाणी घालत राहिले, मुळांशी खत देत राहिले. सप्टेंबरात, आगीनंतर महिना-दीड महिन्याने, करपलेल्या फांद्यांवर हिरवी पालवी फुटली.